हेस्टरच्या हंसाला काय म्हणावं

रविवारची प्रार्थना आटोपून मंडळी चर्चमागच्या हॉलमध्ये चहाला जमली होती. विनिफ्रेड टॅपस्कॉट नेहमीसारखी मोठ्या किटलीपाशी उभी राहून चहा ओतत होती. तिच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती. पट्टी सगळ्यांनी पाहिली होती, पण विचारलं कोणीच नव्हतं, कारण त्या पट्टीला जबाबदार असलेल्या प्राण्याची मालकीण रांगेत दुसरीच उभी होती आणि आमच्या क्विलकम गावात अशा वेळी हवापाण्यावर बोलायची पद्धत आहे.

मालकीण म्हणजे हेस्टर पिम. कप पुढे करत ती म्हणाली, "काल आमचा क्लेमेंट जरा लाडात आला होता, नाही?"

यावर विनिफ्रेडने काय म्हणायचं हे ठरलेलं होतं. "छे छे, लागलं कुठे? माझंच चुकलं, मीच त्याच्या वाटेत आले." फेब्रुवारीपासून दर चाव्यानंतर ती हेच म्हणत आली होती. आमच्याकडे कोणाचा पाळीव प्राणी चावला तर ज्याला चावला त्याने माफी मागायची असते. पोस्टमनची पँट गुडघ्यापासून खाली फाटली तेव्हा त्यानेसुद्धा हेस्टरला तीनदा सॉरी म्हटलं आणि तसाच पुढची पत्रं टाकायला गेला.

पण त्या रविवारी विनिफ्रेडने किटली खाली ठेवली आणि म्हणाली, "हेस्टर, तुझा हंस ईव्हिल आहे."

हॉलमधले चमचे ढवळायचे थांबले.

विनिफ्रेडने त्याला वात्रट म्हटलं असतं, मेला म्हटलं असतं, राक्षस म्हटलं असतं, तरी हेस्टर हसली असती. ती स्वतःच रोज सकाळी त्याला राक्षस म्हणून हाक मारते. पण ईव्हिल! आपलं ‘दुष्ट’ ते हे नव्हे. दुष्ट आपण दोनदा आग्रह करून श्रीखंड वाढणाऱ्या मावशीलाही म्हणतो. ईव्हिल हा आमच्या गावातला रविवारचा शब्द. ‘ईव्हिलपासून आम्हांला सोडव’ असं प्रार्थनेत सगळे एका सुरात म्हणतात, पण ते मोघम असतं, त्यात कोणाकडे बोट नसतं. तरुण पोरं हल्ली तिखट सॉसला आणि सोमवारच्या सकाळलाही ईव्हिल म्हणतात, पण पोरांचं कोण मनावर घेतं? विनिफ्रेड सत्तरी उलटलेली बाई होती. तिने म्हटलं म्हणजे विचार करून म्हटलं.

आता क्लेमेंटबद्दल. हंस म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे सरस्वती, मोती आणि दूध-पाणी वेगळं करणारी चोच येत असेल, तर ते सगळं बाजूला ठेवावं. क्लेमेंट दाराबाहेर ठेवलेल्या दुधाच्या बाटल्या पाडायचा. अंगाने असा भरलेला, की त्याच्या खुराड्याचं दार दोन वर्षांपूर्वी मोठं करावं लागलं होतं. क्लेमेंट या नावाचा अर्थ दयाळू, हे सांगायला नकोच होतं, पण आता सांगून झालं.

"ईव्हिल?" हेस्टरने विचारलं.

"ईव्हिल," विनिफ्रेड म्हणाली. "साखर?"

इथे हम्फ्री गॅमलिन मध्ये पडले. पडायला नको होतं. गॅमलिनांनी सारी हयात एका शब्दकोशाच्या कचेरीत काढली होती आणि त्यांच्या वाट्याला नेमकं ‘ई’ हे अक्षर आलं होतं. इतकी वर्षं गावात कोणी त्यांना ‘ई’बद्दल काही विचारलं नव्हतं.

"बायांनो, बायांनो," ते हात चोळत म्हणाले, "यात भांडायचं काहीच नाही! जुन्या काळी ईव्हिल म्हणजे नुसतं वाईट. हवा ईव्हिल, वास ईव्हिल, तब्येत ईव्हिल. मग पुढे ‘बॅड’ आला आणि त्याने याची सगळी किरकोळ कामं काढून घेतली. याच्याकडे मोठमोठी तेवढी राहिली. विनिफ्रेडनं तो शब्द जुन्या अर्थानं वापरला, एवढंच."

हेस्टरचा चेहरा जरा सैलावला. "असं होय गं?"

"नाही," विनिफ्रेड म्हणाली. "मी आजच्याच अर्थानं वापरला."

गॅमलिन म्हणाले, "मग मात्र अवघड आहे," आणि खुशाल केक घ्यायला गेले.

आता चर्चच्या धर्मगुरू, म्हणजे व्हिकरबाईंना बोलणं भाग होतं. रोझलिंड चब यांना गावात येऊन चारच वर्षं झाली होती, आणि अजून कोणी त्यांच्याशी भांडलं नव्हतं याचा त्यांना फार अभिमान होता. त्यांनी मऊ आवाज काढला. "हे बघा, ईव्हिल व्हायला आधी चांगलं-वाईट कळावं लागतं. कळूनसवरून वाईट निवडावं लागतं. बिचाऱ्या पाखराला काय कळतंय?"

एवढ्यावर मिटायला हरकत नव्हती. पण हेस्टर ताठ झाली.

"म्हणजे? माझा क्लेमेंट बिनडोक आहे म्हणता?"

"तसं नव्हे हो हेस्टर…"

"सगळं कळतं त्याला! अहो, वार कळतो त्याला. बुधवार आला की सकाळपासून नाचतो. कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायचा हे मला कळत नाही, त्याला कळतं!"

"आणि चावणं वाईट, हे कळतं?" विनिफ्रेडने विचारलं.

"न कळायला काय झालं? मला चावतो का कधी? लहान पोरांना चावतो? सगळ्या गावातून बरोबर निवडून…" हेस्टर थांबली.

"निवडून," विनिफ्रेड म्हणाली आणि पुढच्या माणसाचा कप भरला.

हेस्टरने आपला कप न पिता टेबलावर ठेवला. क्विलकममध्ये याहून मोठं भांडण आजवर झालेलं नाही.

तसं पाहिलं तर त्या दोघी एकमेकींना चिकटूनच राहत होत्या. दोन घरं आणि मध्ये एकच भिंत. हेस्टरचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, विनिफ्रेडचा एडविन जानेवारीत न्यूमोनियाने गेला. तेव्हापासून रोज सकाळी विनिफ्रेड लाकडी चमच्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठकठक करायची, पलीकडून हेस्टर ठकठक करायची. म्हणजे आजचा दिवस दोघींनी गाठला. संध्याकाळी खिम्यावर बटाट्याचा थर देऊन भाजलेलं एक भांडं दोघींत व्हायचं आणि टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत दोघी मिळून चुकीची उत्तरं द्यायच्या. एडविन गेल्यावर विनिफ्रेडला जगात राहिलेलं एवढंच होतं, आणि तेच तिने एका शब्दापायी घालवलं.

सोमवारी ठकठक झाली, नाही असं नाही. पण नुसती एकदा. ठक. पलीकडूनही तशीच आली, ठक. म्हणजे जिवंत आहे, बाकी काही म्हणणं नाही. संध्याकाळी दोघींनी आपापल्या घरी खिम्याचं अख्खं भांडं केलं आणि गुरुवारपर्यंत तेच खाल्लं.

मध्येच व्हिकरबाई समेटाला येऊन गेल्या. "विनिफ्रेड, एक सॉरी म्हणून टाका ना. आपल्याकडे सॉरीला काय पैसे पडतात? मी परवा दाराला म्हटलं."

"फेब्रुवारीपासून त्या पाखराला सॉरी म्हणतेय मी," विनिफ्रेड म्हणाली. "संपली माझी."

"पण एवढं काय झालं? अंगठाच तर…"

"अंगठ्याचं मी काही म्हटलंय?"

खरं होतं ते. अंगठ्याबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती. एडविनचा एक जाड तपकिरी कोट होता, बागेत घालायचा. एडविन गेल्यापासून विनिफ्रेड रोज सकाळी तो चढवून कोपऱ्यावर पेपर आणायला जायची. बाह्या हाताबाहेर यायच्या, ती दुमडून घ्यायची. एडविन रोज तसाच जायचा, म्हणून ही जायची. आणि रोज कोपऱ्यावरच्या लाल टपालपेटीमागे क्लेमेंट दबा धरून बसलेला असायचा. हाताला चावला, पोटरीला चावला, तिने सगळं सोसलं. पण त्या शनिवारी त्याने कोटाच्या उजव्या खिशाला चोच घातली आणि खिसा टर्रकन फाडला. घरी येऊन विनिफ्रेड तो कोट मांडीवर घेऊन बसली आणि रडली. नवऱ्याच्या अंत्यविधीला ती रडली नव्हती, तिथे पाहुण्यांना सँडविच द्यायचे होते. हे सगळं तिने कोणाला सांगितलं असतं तर प्रकरण पाच मिनिटांत संपलं असतं, पण मनातलं असं सांगत सुटणं आमच्याकडे बरं दिसत नाही.

पुढच्याच रविवारी चर्चमध्ये प्राण्यांना आशीर्वाद द्यायचा होता. दर ऑक्टोबरात तो असतो. एरवी हेस्टर क्लेमेंटला घरी ठेवायची, त्याला गर्दी सोसत नाही म्हणून. यंदा तिने गावभर सांगितलं, "घेऊन येणार आहे. सगळ्यांदेखत डोक्यावर हात ठेवू देत व्हिकरबाईंना. मग बघू कोण काय म्हणतं ते."

म्हणजे आशीर्वाद मिळाला की क्लेमेंट निर्दोष आणि विनिफ्रेड तोंडघशी. त्यानंतर भिंतीवरची ती एक ठकसुद्धा राहते की नाही, हा विचार विनिफ्रेडच्या मनात आला. तरी तीही हटली नाही. तिने एडविनचा कोट घातला, फाटका खिसा तसाच लोंबता ठेवला आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पुरावा म्हणून.

चर्चमध्ये कुत्री होती, एक कासव होतं, पिंजऱ्यातला उंदीर होता आणि दारात एक तट्टू अर्धं आत, अर्धं बाहेर उभं होतं. हेस्टर पहिल्या बाकावर क्लेमेंटला कवेत घेऊन बसली होती. त्याच्या गळ्यात निळी रिबीन होती. बाई घामाघूम झाली होती, कारण हंस वजनाला हलका नसतो.

व्हिकरबाईंनी श्वास रोखून हात पुढे केला. क्लेमेंटने मान खाली घातली. हो, खाली घातली! डोळेसुद्धा मिटले. सगळ्या चर्चमधून "आऽऽ" असा कौतुकाचा आवाज उठला. हेस्टरने मागे वळून विनिफ्रेडकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर परवडलं असतं.

मग सगळे प्रार्थनेला उभे राहिले. रोजची भाकरी मागून झाली, अपराधांची क्षमा मागून झाली आणि ‘ईव्हिलपासून आम्हांला’ हे शब्द आले. तिथे आपोआप सगळ्यांचे आवाज खाली गेले आणि झाडून सगळ्यांनी क्लेमेंटकडे पाहिलं. व्हिकरबाईंनीही पाहिलं.

क्लेमेंट मात्र मागे पाहत होता. त्याला कोट दिसला होता.

त्याने एक हिसडा देऊन खाली उडी मारली आणि बाकांमधल्या वाटेने फताक फताक चालत निघाला. त्याला कोणी अडवलं नाही. दुसऱ्याच्या प्राण्याला हात लावणं आगाऊपणा. तो सरळ शेवटच्या बाकाशी गेला, लोंबता खिसा चोचीत धरला आणि आतलं अस्तर खालपर्यंत फाडून काढलं.

"क्लेमेंट!" हेस्टर किंचाळली.

अस्तरातून भुगा पडला. मग फरशीवर टक्क असा आवाज करून एक अर्धं बिस्किट पडलं. क्लेमेंटने आधी भुगा टिपला, मग अर्धं बिस्किट तोंडात घेतलं, मग फाटक्या खिशात डोकं खुपसलं आणि तसाच उभा राहिला. चावला नाही, हलला नाही.

प्रार्थना कोणी पुरी केली नाही.

"आल्याचं बिस्किट होतं हे," विनिफ्रेड हळूच म्हणाली. आल्याचं बिस्किट जातीचंच दगड, त्याला वर्षभर काही होत नाही. "माझ्या घरात आल्याचं बिस्किट येत नाही. डॉक्टरांनी एडविनचं सगळं गोडधोड बंद केलं होतं. वजन उतरवायचं म्हणून तीन वर्षं मी त्याला उकडलेला कोबी घातला. हे आलं कुठून?"

हेस्टर रिबिनीसारखी निळी पडली. "मी द्यायचे गं. सकाळी कुंपणावरून. म्हणायचा, तुझ्या हंसाला टपालपेटीपाशी भरवतो. मी दोन द्यायचे."

"दोन? हंस एक आहे!"

"मी… विचारलं नाही. विचारणं बरं दिसत नाही."

समोरून व्हिकरबाई खाकरल्या. "माझ्याकडूनही एक. दर बुधवारी, इथून जाता जाता. हंसासाठीच म्हणून."

"त्याला बुधवार कळतो तो असा!" हेस्टरच्या तोंडून निघून गेलं.

"मी चॉकलेटची देत असे," गॅमलिन छताकडे पाहत म्हणाले. "नाताळात."

मग पोस्टमन उठला. मग शाळेच्या बाई. दारातल्या तट्टूच्या मालकानेही टोपी काढली. पाहता पाहता निम्मं गाव सॉरी, सॉरी म्हणू लागलं.

"म्हणून वजन उतरत नव्हतं त्याचं!" विनिफ्रेड म्हणाली. "लबाड माणूस! तोंड वाईट करून माझ्यासमोर कोबी खायचा, आणि बाहेर अख्खं गाव चरायचा! आणि मी आपली बटाट्यांना दोष देत होते!" ती रागाने लाल झाली होती, पण तिचा हात क्लेमेंटच्या पाठीवर होता आणि तो तिने काढला नाही. फेब्रुवारीपासून रोज सकाळी हे पाखरू टपालपेटीमागे कोटाची वाट पाहत होतं. कोट यायचा, बिस्किट मात्र यायचं नाही.

गॅमलिनांना वाटलं, आता आपली बाजू सावरून घ्यावी. ते म्हणाले, "तरीसुद्धा, चर्चमध्ये येऊन कपडे फाडणं म्हणजे आजच्या अर्थानंही त्याला ईव्हिल म्हणायला…"

"हम्फ्री, तोंड सांभाळा!" विनिफ्रेड कडाडली. "त्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"अहो, पण तुम्हीच म्हणाला होतात!"

"मी म्हणेन! चावतो मला तो. तुम्हांला एकदा तरी चावलाय? मग गप्प बसा."

गॅमलिन बसले. हेस्टर एव्हाना मागच्या बाकापर्यंत आली होती. तिने खाली बघत म्हटलं, "मला माहीत होतं गं, तुला का चावतो ते. पण सांगितलं असतं तर बिस्किटांचं निघालं असतं. एडविननं शपथ घातली होती मला."

विनिफ्रेडने विचारलं, "म्हणजे फेब्रुवारीपासून तू मला चावू दिलंस?"

"लाडात येतो असं सांगत होते ना मी."

"हेस्टर पिम," विनिफ्रेड म्हणाली, "तू ईव्हिल आहेस."

सगळ्या चर्चने माना वर केल्या. तट्टूनेसुद्धा कान टवकारले.

हेस्टरने जरा विचार केला. "हो," ती म्हणाली. "थोडीशी आहेच. कोट दे इकडे, खिसा लावून देते."

विनिफ्रेडला आधी हसू आलं. मग रडू आलं, ते मात्र तिने रुमालात शिंकून निभावून नेलं. त्या संध्याकाळी खिम्याचं एकच भांडं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर चांगली दणदणीत ठकठक झाली. विनिफ्रेडने शिवलेला कोट चढवला. उजव्या खिशात हेस्टरने कुंपणावरून दिलेली आल्याची दोन बिस्किटं होती. एक हंसाचं आणि एक, एडविनची गंमत आता आपण करावी म्हणून, तिचं स्वतःचं. टपालपेटीमागे क्लेमेंट हजर होता. तिने एक बिस्किट पुढे केलं. त्याने ते अगदी शहाण्यासारखं घेतलं, खाल्लं आणि तिच्याकडे पाहत उभा राहिला.

"झालं," विनिफ्रेड म्हणाली. "हे माझं." आणि तिने दुसरं बिस्किट तोंडाकडे नेलं.

क्लेमेंटने तिच्या अंगठ्याला कडकडून चावा घेतला. बिस्किट खाली पडलं. ते त्याने उचललं, सावकाश खाल्लं, पंख झटकले आणि आपलं देणं घेणं पुरं झाल्यासारखा मागे न बघता घराकडे चालू लागला.

विनिफ्रेड अंगठा धरून उभी राहिली. दोन्ही त्याचीच होती. रोजची दोन्ही, बुधवारचं तिसरंसुद्धा. खुराड्याचं दार मोठं करावं लागलं होतं ते तिला आठवलं. अस्तरातलं ते एक अर्धं सोडलं तर एडविनने कोणाचं काही खाल्लं नव्हतं. तीन वर्षं त्याने निमूटपणे, इमानाने कोबी खाल्ला होता, आणि तिने काल भर चर्चमध्ये त्याला लबाड म्हटलं होतं. वजन का उतरलं नाही ते त्या कोबीलाच ठाऊक.

हेस्टरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "काय गं, लाडात आला का?"

"छे छे," विनिफ्रेड कोटाची बाही सारखी करत म्हणाली, "माझंच चुकलं."

फेब्रुवारीपासून ती हेच म्हणत आली होती. खरं म्हणून ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.